नणंदेच्या हातचं ड्रेसिंग

माझ्या नणंदेला मी रोज संध्याकाळी माझ्या धाकट्या जावेच्या नाकाचं ड्रेसिंग करायला लावत होते. शिक्षा म्हणून. सेवा, प्रायश्चित्त हे शब्द सासूबाईंचे. माझ्या मनात शिक्षाच होती आणि ती देताना मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

"हात धू," मी म्हणायचे.

"धुतले वहिनी."

"परत धू. बोटांच्या मधे. नखांखाली."

आणि चाळिशी उलटलेली, स्वतःच्या पार्लरची मालकीण, दारावरच्या पाटीवर जिचा फोटो आहे अशी ती बाई माझ्या बेसिनपाशी शाळेतल्या पोरीसारखी हात धूत उभी राहायची. तिला घरात सगळे बेबी म्हणतात. जन्मली तेव्हा म्हणायला लागले आणि पुढे थांबायचं कुणाला सुचलंच नाही. दुखलं की बेबीला दुखलं, चुकलं की बेबीचं कुठे चुकलं, असं सगळं चालत आलेलं.

मी नर्स आहे. मोठ्या दवाखान्यात, ड्रेसिंग रूममध्ये. जळलेलं, कापलेलं, चिघळलेलं, साखरेनं काळं पडलेलं, सगळं माझ्या टेबलावर येतं. किळस मला कधीच येत नाही. राग येतो. जखम उघडली की डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो की हा कुणाचा मूर्खपणा? आणि बहुतेक वेळा कुणाचा तरी असतोच. आमचे हे म्हणतात, तू पेशंटला औषध कमी आणि बोलणी जास्त लावतेस. लावते. बोलणी खाऊन कुणी मेलं नाही अजून.

तर धाकटी. माझ्या दिराची बायको. आमची दारं समोरासमोर, मधे जिना. सासूबाई झोपतात आमच्याकडे आणि दिवसभर इकडून तिकडे करतात. धाकटी एका मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी असते. समोर आलेल्या बाईच्या मनगटावर चार रेघा ओढून तिचा रंग कुठला ते ती एका नजरेत सांगते. चेहरा गोड, बोलणं गोड, आणि नाक जरासं बसकं. जरासंच. पण आमच्या घरात त्या नाकाला एवढं मोठं केलं की विचारू नका. लग्न ठरत असताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "नाक सोडलं तर मुलगी छान आहे." लग्नाच्या हॉलमध्ये ऐन वेळी दिवे गेले तर दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!" सगळे हसले. तीही हसली. पुढे कुकरची शिट्टी उडाली तरी तेच, गाडी चुकली तरी तेच. थट्टा होती म्हणे. थट्टा करणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, जिची होते तिच्या नाकावर ती बसून राहते.

बेबीनं एका हॉटेलात दोन दिवसांचा कोर्स केला. सुईनं ओठ फुगवायचे, गाल भरायचे, नाक उचलायचं. प्रमाणपत्र चौकटीत घालून तिनं भिंतीवर लावलं, कात्र्यांच्या रॅकच्या वर. आता हात बसवायला कुणीतरी हवं ना? धाकटीला म्हणाली, "ये गं, तुझं नाक उचलून देते. घरच्या घरी." मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय बोलले असते ते दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून सांगितलं नाही.

सुई आत गेली आणि धाकटीचं नाक एका बाजूनं पांढरं फटक पडलं. आतली ती जेली रक्ताच्या नळीत शिरून बसली होती. रक्त पुढे जायची वाटच बंद. धाकटी कळवळली. आणि बेबीनं काय केलं? बर्फ लावला. पार्लरमध्ये सगळ्या दुखण्यांवर तेच औषध. भुवया लाल झाल्या, बर्फ. वॅक्सनं पुरळ आलं, बर्फ. जिथे आधीच रक्त पोचत नव्हतं तिथे बर्फ लावून तिनं उरलेल्या नळ्याही आखडून टाकल्या, आणि "सूज आहे, उतरेल" असं सांगून तिला घरी पाठवलं.

पुढचा मूर्खपणा धाकटीचा. तोही सांगते, कारण मी कुणाची बाजू घेऊन बसलेली नाही. दुसऱ्या दिवशी नाकावर आणि गालावर निळसर जाळी उमटली. दुसरी कुणी असती तर घाबरून डॉक्टरकडे धावली असती. ही काउंटरवरची. हिनं कन्सीलर लावलं. आधी निळं मारायला नारिंगी, वर कातडीचा रंग, वर पावडर. आणि गेली कामावर. तिचा हात इतका सफाईचा की मी, रोज जखमा बघणारी, जिन्यात तिला भेटले आणि म्हटलं, "आज छान दिसतेस गं." तिनं मान हलवली. बोलली नाही, कारण बोलताना दुखत होतं.

त्यानंतरच्या संध्याकाळी ती दुखण्याची गोळी मागायला आली. बोलताना वरचा ओठ हलवत नव्हती. मी कापूस ओला केला आणि तिला खुर्चीत बसवून तोंड पुसायला घेतलं. रंग उतरत गेला तसं खाली काय आहे ते दिसत गेलं. डावी नाकपुडी जांभळी-काळी, कडेला पिवळ्या पुळ्या, शेंडा राखाडी. माझा कापूस तिथेच थांबला.

"कुणी केलं?" मी विचारलं.

"बेबीताई म्हणाल्या सूज आहे."

मी आणि दीर तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर मॅडमनी पाहिलं आणि सांगितलं, आत काय घातलंय ते कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण एका प्रकारची जेली विरघळवता येते, बाकीची नाही. मी कॉरिडॉरमधून बेबीला फोन लावला.

"काय घातलंस?"

"अगं वहिनी, काही नाही, ते व्हिटॅमिनचं..."

"बेबी, नाक काळं पडतंय तिचं."

"सूज असेल. बर्फ लावलास का?"

त्यानंतर मी जे बोलले ते ऐकून शेजारच्या बाकावरचा म्हातारा उठून दुसरीकडे जाऊन बसला. मग बेबी रडली, मग तिनं पार्लरच्या कचऱ्यातून खोकं शोधून नाव वाचून दाखवलं. नशीब, विरघळणारी होती. डॉक्टर मॅडमनी विरघळवायची इंजेक्शनं द्यायला घेतली. धाकटी किंचाळत होती आणि मी तिचं डोकं धरून उभी होते. शेंड्याला हळूहळू गुलाबी रंग आला. डाव्या नाकपुडीला आला नाही.

"पहिल्याच दिवशी आला असतात तर," मॅडम हात धुता धुता म्हणाल्या. "हे काळं झालंय ते आता आपोआप सुटेल तेव्हा सुटू दे. ओढायचं नाही, खरवडायचं नाही. खाली कातडी भरायला जितका वेळ मिळेल तितकी कड वाचेल. कुणी केलं हे?"

धाकटी डोळे मिटून पडली होती. दीर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. आणि मी म्हटलं, "बाहेर एका ठिकाणी केलं, मॅडम."

"कुठल्या?"

"तिला नीट आठवत नाहीये आत्ता."

असं मी म्हटलं. कारण तोवर सासूबाईंचे फोन येऊन गेले होते. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरा टाकून गेल्यापासून पार्लरवर दोन पोरं वाढवतेय ती. बाहेर नाव गेलं तर खाणार काय?" आमचे हेही म्हणाले, "घरातलं आहे, घरात बघू." आणि मला वाटलं, ठीक आहे. घरात बघते. असं बघते की जन्मभर लक्षात राहील.

घरी बैठक बसली. सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "चारचौघांत आमचं नाक कापलं जाईल."

"कुणाचं नाक, आई?" मी ओरडले. "कुणाचं नाक? नाकाच्या गोष्टी या घरात आजपासून बंद. यानं परत नकटी म्हटलं तर मी त्याचं ताट उचलून जिन्यात ठेवीन!"

दीर खाली मान घालून बसला. मग मी निकाल दिला. बेबीनं पार्लरमधल्या सुया बंद करायच्या. आणि जखम भरेपर्यंत रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन आपल्या हातानं धाकटीचं ड्रेसिंग करायचं, माझ्या डोळ्यांसमोर. आपण काय केलंय ते तिला रोज जवळून दिसू दे. सगळ्यांना हा निकाल पसंत पडला. पडणारच. स्वस्तात सुटले होते.

पहिल्या संध्याकाळी बेबीच्या हातातला चिमटा इतका थरथरत होता की ट्रेला लागून वाजत होता. मी शेजारी स्टूलावर बसले.

"आधी पट्टी भिजव. सलाइननं. कोरडी ओढलीस तर नवीन कातडी तिच्याबरोबर येईल. भिजव म्हटलं ना. अजून. आता थांब."

"किती वेळ वहिनी?"

"सुटेपर्यंत. सुई टोचताना घाई, पट्टी काढतानाही घाई? दोन दिवसांत डॉक्टर झालीस, नर्स व्हायला जरा जास्त दिवस लागतात."

पट्टी सुटली. बेबीनं जखम पाहिली आणि तोंड फिरवलं.

"इकडे बघ," मी म्हटलं. "वळायचं नाही."

तिनं पाहिलं. डाव्या नाकपुडीवर काळी खपली, जळलेल्या दुधाच्या साईसारखी. भोवती लाल कड. वास येत नव्हता, म्हणजे चिघळलं नव्हतं, पण बेबीला वाटलं येतोय. मी तिला कापसाचा बोळा फक्त टेकवून उचलायला शिकवलं. पुसायचं नाही, टेकवायचं. मलम पातळ, लोण्याचा थर नव्हे. त्यावर न चिकटणारी जाळी, वर हलकं पॅड, आणि टेप गालाच्या चांगल्या कातडीवर. सगळं करताना धाकटी डोळे मिटून पडून असायची. हात पोटावर, बोटं एकमेकांत घट्ट. एकदाही हूं का चूं नाही. मला वाटलं, तिलाही समाधान मिळतंय. जिनं बिघडवलं ती राबतेय, आणखी काय हवं?

काही दिवस असे गेले आणि सगळं उलटं व्हायला लागलं. बेबीचा हात थरथरायचा थांबला. ती येताना डबा आणायला लागली. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि हळहळायच्या. "दिवसभर पार्लरमध्ये उभं राहून येते, वर ही सेवा. कोण करतं हो आजकाल भावजयीचं?" खालच्या मजल्यावरच्या काकूंना पण त्यांनी सांगितलं. काकू मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "तुमची नणंद म्हणजे सोनं आहे." मी कपाळावर हात मारला. गुन्हेगाराला तुरुंगात टाकावं आणि लोकांनी त्याला हार घालावा, तशातली गत. तरी मी बंद केलं नाही. मला वाटत होतं, चार टोमणे अजून मारले की शिक्षेचं पारडं परत जड होईल.

मग तो दिवस आला. खपलीची एक कड सुटून वर आली होती, नाकपुडीच्या टोकाला लोंबत होती. मी पॅड कापायला म्हणून वळले. तेवढ्यात माझ्या पाठीमागे धाकटी किंचाळली. वळून बघते तर बेबीच्या चिमट्यात खपली, आणि धाकटीच्या ओठावरून रक्ताचा ओघळ.

"सुटलीच होती ती," बेबी म्हणाली. "एका झटक्यात काढली की दुखत नाही."

वॅक्सची पट्टी! बाईनं माझ्या जावेच्या नाकावरची खपली वॅक्सच्या पट्टीसारखी उपटली. आयुष्यभर हातानं तेच केलेलं, कड धरायची आणि झटका द्यायचा. शिकवलेलं सगळं डोक्यात गेलं असेल, हातात गेलंच नव्हतं.

मी तिला ढकलून बाजूला केलं, कापूस दाबून धरला. रक्त थांबल्यावर खालचं दिसलं. नाकपुडीची कड अर्ध्यापर्यंत भरत आलेली होती आणि टोकाला जिथे खपली ओढली तिथे खाच पडली होती. तिथली कातडी अजून तयार व्हायची होती. मी बेबीला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सासूबाई मधे पडल्या तर त्यांनाही बोलले. आमचे हे, दीर, कोर्स घेणारं हॉटेल, सगळ्यांचा उद्धार झाला. मी ओरडत होते, बेबी रडत होती, आणि धाकटी खाटेवर उठून बसली.

"वहिनी, पुरे," ती म्हणाली.

"पुरे काय? तुझं नाक..."

"माझं नाक आहे ना? मग मला कुणी विचारलं का, कुणाचा हात लावून घ्यायचाय ते? रोज संध्याकाळी पाच वाजले की मी जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसते. ज्या हातानं सुई मारली तोच हात रोज माझ्या डोळ्यांसमोर. तुम्ही शिक्षा बेबीताईंना दिलीत, भोगली मी."

"अगं, तू बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तुम्ही ओरडत असता."

बेबी चपला घालून निघून गेली. मी धाकटीला नवीन पट्टी बांधली.

त्यानंतर ड्रेसिंग मी करायला लागले. बेबीचा फोन नाही, येणं नाही. सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला, तो मला सोसत होता. धाकटीच्या दुकानातून विचारणा यायची, कधी येतेस, काउंटर रिकामं आहे. ती म्हणायची, बघते. आरशात खाचेकडे बघायची, बोटानं हवेतच ती भरून काढायची आणि आरसा पालथा ठेवायची.

एका दुपारी मी सुट्टीवर घरी होते. नुकती धाकटीची पट्टी उघडून जखमेला जरा वारा देत होतो आणि बेल वाजली. दारात एक बाई, नीटनेटकी साडी, खांद्याला पर्स, तोंडावर रुमाल. पलीकडच्या रस्त्यावरच्या बँकेतली कॅशियर. काचेमागे तिला मी कितीदा पाहिलं होतं.

"तुम्हीच नर्सताई ना? बेबीताईंनी पाठवलंय," ती रुमालाआडून म्हणाली. "आज सकाळी ओठ करून घेतला त्यांच्याकडे. जरा दुखतंय. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, माझी वहिनी मोठ्या दवाखान्यात आहे, असलं सगळं ती घरीच बघते."

मी विचारलं, "आज सकाळी?"

"हो. त्या आधीच सांगतात ना सगळ्यांना. आमच्याकडे नंतरची काळजीपण घरच्यासारखी घेतली जाते. भावजयीला काहीतरी ॲलर्जी झाली होती तर स्वतःच्या हातानं तिचं रोज ड्रेसिंग केलं म्हणाल्या. मला ते ऐकूनच विश्वास वाटला."

म्हणजे मी दिलेली शिक्षा तिनं गिऱ्हाइकांना हमी म्हणून विकली होती. माझ्या शेजारी बसून, माझे टोमणे खाऊन, माझ्याकडून चिमटा धरायला शिकून ती खाली उतरायची आणि पार्लरमध्ये जाऊन सांगायची, बघा, मी किती जपते. सुया एक दिवससुद्धा बंद झाल्या नव्हत्या. आणि मी वेडी, हात धू, परत धू!

बाईनं रुमाल काढला. रुमालात बर्फाचा खडा होता. वरचा ओठ एका बाजूनं खडूसारखा पांढरा, आणि तिथून नाकाकडे निळसर जाळी वर चढत निघालेली.

मी फोन उचलला. बेबीचा नंबर लावला आणि तिनं उचलायच्या आतच सुरू झाले, "अगं भवाने..."

कुणीतरी माझ्या हातातून फोन काढून घेतला. धाकटीनं तो बंद केला आणि टेबलावर ठेवला.

"शिव्या नंतर, वहिनी. हिचा वेळ जातोय."

तिनं बाईच्या हातातला बर्फ घेऊन बेसिनमध्ये टाकला. टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळला, स्वतःच्या मनगटावर टेकवून बघितला आणि बाईच्या ओठावर धरला. बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. पट्टी नव्हती. डाव्या नाकपुडीची खाच, भोवतीची लाल कातडी, सगळं उजेडात होतं.

"ही... ॲलर्जी आहे?" बाईनं विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "हे त्याच खुर्चीतलं आहे. मलाही बर्फच लावला होता. चला, चपला घाला. आत काय घातलं, ते खोकं कसं होतं आठवतं का? वाटेत आठवा."

टॅक्सीत धाकटी मधे बसली. दर थोड्या वेळानं थर्मासमधलं गरम पाणी टॉवेलवर ओतत होती. चालकानं आरशातून तिच्या नाकाकडे दोनदा पाहिलं. तिनं ओढणी वर घेतली नाही. मी मास्क पुढे केला तर म्हणाली, "असू दे. डॉक्टरांना दिसायला हवं."

डॉक्टर मॅडमनी बाईला लगेच टेबलावर घेतलं. "वेळेत आलात," म्हणाल्या. "हा ओठ वाचेल." पहिलं इंजेक्शन भरताना त्यांनी विचारलं, "कुठे केलं हे?"

कॅशियरनं माझ्याकडे पाहिलं. बिचारी माझ्या दारात मदत मागायला आलेली, माझ्याच नणंदेचं नाव माझ्यासमोर कसं घेणार? ती म्हणाली, "ते... एका ठिकाणी."

धाकटीनं नाव सांगितलं. बेबी नव्हे. कागदावरचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं, पार्लरची पाटी, रस्ता, मजला. सावकाश सांगितलं, काउंटरवर गिऱ्हाइकाला समजावून सांगते तसं. "माझं नाकही तिथेच झालं," ती म्हणाली. "अजून बायका येतायत तिथे. हे कळवायचं असेल तिथे माझं नाव घालून कळवा. मी येईन सांगायला."

मॅडमची सिरिंज थांबली. "तेव्हा तर तुम्हाला आठवत नव्हतं."

"मला आठवत होतं," धाकटी म्हणाली. "मला विचारलं नव्हतं कुणी."

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. चुकीची पट्टी बांधली म्हणून मी शिकाऊ डॉक्टरांना त्यांच्यादेखत झापलंय, आणि त्या हसल्या आहेत. आता हसत नव्हत्या.

"सिस्टर?"

"माझी नणंद आहे," मी म्हटलं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

टेबलावरची बाई हलली. सुई ओठाजवळ होती, तरी तिनं मान माझ्याकडे वळवली.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं सुजलेल्या ओठातून विचारलं. "मी मागच्याच आठवड्यात वेळ घेतली होती. मला का नाही सांगितलं कुणी?"

"बोलू नका," मॅडम म्हणाल्या. "ओठ हलवू नका."

माझ्यावरची नजर मात्र तिनं काढली नाही. धाकटीनं गार झालेला टॉवेल माझ्या हातात दिला आणि मी तो गरम करून आणायला गेले.